आधी फेरफार, मग सातबारा

जमिनीवरील हक्कात बदल झाला तरी तो थेट सातबाऱ्यावर लिहायचा नाही, हा महाराष्ट्राच्या महसुली लेखनातील एक जुना आणि कडक नियम आहे. खरेदीखत, वारसा, वाटणी, गहाण किंवा भूसंपादन यांपैकी काहीही घडले, तरी त्याची पहिली नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, पुढच्या क्रमांकाखाली होते. तिची प्रत चावडीवर लावली जाते, संबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले जातात, हरकत आलीच तर प्रकरण नमुना ६-अ या वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते, आणि मंडळ अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्याने नोंद तपासून प्रमाणित केल्यानंतरच सातबाऱ्यावरचे नाव बदलते. हस्तलिखित दप्तरांच्या काळात फेरफार प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर त्याची टिपणी पेन्सिलीने करण्याची आणि प्रमाणित झाल्यावर ती शाईने गिरवण्याची पद्धत होती. जुने नाव खोडले जात नसे, त्याला कंस होत असे. नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक येत असे, आणि त्या क्रमांकाचा माग काढत कोणालाही मूळ व्यवहारापर्यंत पोहोचता येत असे.

लिहिणारा तलाठी आणि प्रमाणित करणारा अधिकारी वेगळा, नोंदवही एकच आणि तिचे क्रमांक सलग, आणि अंतिम पत्रकाला हात लावण्याआधी त्या बदलाचा पूर्ण तपशील दुसरीकडे सुरक्षित, अशी ही व्यवस्था आहे. काम अर्ध्यावर राहिले, तलाठ्याची बदली झाली, पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली, तरी सातबारा अर्धवट बदललेल्या अवस्थेत सापडत नाही. तो एकतर जुना असतो किंवा नवा असतो.

संगणकाच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात त्या मूळ आज्ञावलीत, डिस्कवर सुरक्षित लिहिण्याची जी पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिर झाली, तीही नेमकी हीच आहे. दोन्ही पद्धती एकमेकींपासून स्वतंत्रपणे घडल्या, कारण दोन्हींपुढचा प्रश्न एकच होता: लिहिण्याची क्रिया क्षणात पूर्ण होत नाही, तिला अनेक पायऱ्या असतात, आणि त्यांतील कोणत्याही पायरीवर ती तुटू शकते. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या दप्तरांचा इतिहास या प्रश्नाकडे पाहण्यास विशेष उपयोगी आहे, कारण या भागात लिपी, भाषा, राज्य, कायदा आणि अखेर कागद हे सारे शंभर-सव्वाशे वर्षांत बदलले आणि तरीही नोंदींची साखळी टिकवण्याची गरज एकदाही कमी झाली नाही.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ साली झाला आणि १९१३ मध्ये ती तरतूद जमीन महसूल संहितेतच समाविष्ट झाली. त्यामुळे पुणे, सातारा किंवा सोलापूरच्या गावांत फेरफाराची शिस्त पहिल्या महायुद्धाच्या आधीच रुजू लागली होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मात्र चित्र वेगळे होते. तेथे मुंबईच्या धर्तीवर मोजणी आणि जमाबंदी झाली होती, १३१७ फसली, म्हणजे इसवी सन १९०७-०८ च्या सुमाराचा, जमीन महसुलाचा कायदाही होता. परंतु पटवाऱ्याच्या दप्तराचा मुख्य हेतू सारा कोणाकडून वसूल करायचा हे ठरवण्याचा होता, हक्क कोणाचा आणि तो कोणत्या व्यवहाराने आला हे सिद्ध करण्याचा नव्हता. फसली ही संस्थानाची महसुली कालगणना, तिच्यात साधारणपणे ५९० मिळवले की इसवी सन येते. दरबाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसी आणि नंतर उर्दू, गावपातळीवर मराठी आणि बऱ्याच ठिकाणी मोडी लिपी, असा तो कारभार होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, आणि त्याच सुमारास १३५८ फसलीच्या विनियमाने हैदराबादेत हक्कनोंदणी लागू झाली. म्हणजे सोलापूरच्या शेतकऱ्याला जे संरक्षण साडेचार दशके आधी मिळाले, ते शेजारच्या औसा किंवा निलंग्याच्या शेतकऱ्याला स्वातंत्र्यानंतर मिळाले. १९५४-५५ चे खासरा पत्रक मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत आजही पुन्हा पुन्हा पुढे येते, त्याचे एक कारण हेच आहे: या भागात हक्काच्या साखळीची सुरुवातीची कडी बहुतेकदा तेथेच सापडते.

त्यानंतर लगेच १ नोव्हेंबर १९५६ ची राज्यपुनर्रचना आली. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. आदिलाबादमधून किनवट तालुका आला. उलट नांदेड जिल्ह्याच्या देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे तेलुगू भाषक राज्याकडे गेली. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा उदगीरच्या गावांचा जिल्हा तीस वर्षांच्या आत दुसऱ्यांदा बदलला. नकाशावर सीमा ओढायला एक अधिसूचना पुरते. दप्तर मात्र गठ्ठ्यांनी बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये घालून एका अभिलेख कक्षातून दुसऱ्या कक्षात न्यावे लागते, आणि वाटेत सुटलेला एक गठ्ठा एका गावाच्या पिढ्यांचा पुरावा घेऊन जातो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला, तेव्हा कुठे मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र एका कायद्याखाली आले. हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांत कळवावे हे सांगणारे कलम १४९, फेरफार नोंदवहीचे कलम १५०, लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे कलम १५५ आणि विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावी असे सांगणारे कलम १५७ ही या व्यवस्थेची चौकट. त्यांतील शेवटच्या कलमाने नोंदीला मोठे वजन दिले, आणि म्हणूनच ती लिहिण्याच्या क्रमाची जबाबदारीही तितकीच वाढवली.

हा अधिनियम लागू झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणकप्रणालीची सुरुवात केली. डिस्क म्हणजे क्रमांक दिलेल्या ठोकळ्यांची एक लांब रांग. कोणत्या ठोकळ्यांत कोणती फाइल आहे, कोणते ठोकळे मोकळे आहेत, फाइलीचे नाव काय आणि आकार किती हे सांभाळणारी जी व्यवस्था कर्नेलमध्ये असते तिला फाइल सिस्टिम म्हणतात. प्रत्येक फाइलीची, नाव सोडून, अशी माहिती ज्या छोट्या नोंदीत असते ती आयनोड. एका फाइलीत एक ओळ वाढवताना नवा ठोकळा लागला तरी मोकळ्या ठोकळ्यांच्या यादीत बदल, आयनोडमध्ये बदल आणि प्रत्यक्ष मजकूर अशा किमान तीन वेगवेगळ्या जागी लिहावे लागते. डिस्क संथ असते, म्हणून कर्नेल हे बदल आधी स्मृतीत, ज्याला बफर म्हणतात त्या जागेत, करून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. जुन्या युनिक्समध्ये हे उतरवण्याचे काम साधारण दर तीस सेकंदांनी होत असे. या तीस सेकंदांत वीज गेली तर तीनपैकी एक नोंद झालेली आणि दोन राहिलेल्या, असे काहीही शिल्लक राहू शकत असे.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे अपघातानंतरची संपूर्ण तपासणी. एफएससीके नावाचा कार्यक्रम डिस्कवरचा प्रत्येक आयनोड वाचून मोकळ्या ठोकळ्यांच्या यादीशी ताडून पाहत असे आणि विसंगती दिसेल तेथे अंदाजाने दुरुस्ती करत असे. ज्यांनी नव्वदच्या दशकात संगणक वापरला त्यांना विंडोज नीट बंद न केल्यास पुढच्या वेळी आपोआप सुरू होणारा स्कॅनडिस्क आठवत असेल. तोही याच जातीचा. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समध्ये मार्शल कर्क मॅककुसिक आणि सहकाऱ्यांची जी वेगवान फाइल सिस्टिम आली, तिने रचनेविषयीची माहिती ठराविक क्रमाने आणि लगोलग डिस्कवर लिहिण्याची काळजी घेतली, जेणेकरून तपासणी करणाऱ्याला निदान अर्थ लावता यावा. पण तपासणीचा वेळ डिस्कच्या आकाराबरोबर वाढत जातो, आणि डिस्क तर दर वर्षी मोठ्या होत होत्या. सगळे दप्तर पुन्हा वाचून चूक शोधणे हा उपाय दप्तर लहान असेपर्यंतच चालतो.

दुसरा मार्ग बँका आणि डेटाबेसच्या जगातून आला. सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये, विशेषतः जिम ग्रे यांच्या कामातून, व्यवहाराची संकल्पना पक्की झाली: एकमेकांवर अवलंबून असलेले सारे बदल मिळून एक व्यवहार, आणि तो एकतर पूर्ण होईल किंवा झालाच नाही असे मानले जाईल. त्यासाठी बदल मूळ जागी करण्याआधी त्याचा तपशील एका सलग नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहायचा. या विचाराची सर्वांत परिपूर्ण मांडणी १९९२ मध्ये आयबीएमच्याच सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी केली. मोहन हे मद्रासच्या आयआयटीचे पदवीधर, आणि त्यांची एरीज ही पद्धत त्यानंतरच्या बहुतेक मोठ्या डेटाबेसचा पाया ठरली. लॉगमधल्या प्रत्येक नोंदीला चढता क्रमांक असतो आणि डेटाच्या प्रत्येक पानावर त्याला शेवटचा स्पर्श कोणत्या क्रमांकाच्या नोंदीने केला हे लिहिलेले असते, हा एरीजमधला कळीचा मुद्दा. सातबाऱ्यावरील वर्तुळातला फेरफार क्रमांक पाहिलेल्या वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज पडू नये.

युनिक्सच्या धर्तीवर घडलेल्या लिनक्सच्या जगात हे ज्ञान उशिरा पोहोचले. लिनस टोर्व्हाल्ड्स यांचा कर्नेल १९९१ चा. रेमी कार्ड यांनी घडवलेली एक्स्ट-२ ही फाइल सिस्टिम जानेवारी १९९३ ची. ती वेगवान होती, पण वीज गेल्यावर संपूर्ण तपासणीवरच अवलंबून होती. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये तिला जर्नल जोडण्याची योजना मांडली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये, कर्नेलच्या २.४.१५ या आवृत्तीत, ती एक्स्ट-३ या नावाने मुख्य प्रवाहात आली. जर्नल म्हणजे डिस्कवरच राखून ठेवलेला एक पट्टा. फाइल सिस्टिममधील बदल काही सेकंद, सहसा पाच, एकत्र साठवून त्यांचा एक व्यवहार केला जातो. आधी कोणते ठोकळे बदलणार आहेत त्याची यादी, मग त्या ठोकळ्यांच्या नव्या प्रती आणि सर्वांत शेवटी ‘पूर्ण’ अशी खूण असलेला एक ठोकळा जर्नलमध्ये लिहिला जातो. ही खूण डिस्कवर पोहोचल्यानंतरच मूळ जागांना हात लावायचा. वीज जाऊन परत आली की कर्नेल फक्त जर्नल वाचतो: ज्या व्यवहारावर खूण आहे तो पुन्हा मूळ जागी उतरवतो, ज्यावर नाही तो सोडून देतो, आणि हे काम काही सेकंदांत संपते.

येथे कागदाची पद्धत एका बाबतीत अधिक उदार आहे हे नमूद केले पाहिजे. प्रमाणित न झालेला फेरफार नाहीसा होत नाही, तो प्रलंबित राहतो आणि नव्या तलाठ्याला दिसतो. जर्नलमधला खुणेविनाचा व्यवहार मात्र कायमचा विसरला जातो, कारण यंत्राला त्याच्यामागचा हेतू विचारण्यासाठी कोणी उरलेले नसते. जर्नल फाइल सिस्टिमची सुसंगती राखते, शेवटच्या काही सेकंदांतले काम राखण्याचे वचन ते देत नाही. आणि हा फरक न समजल्यामुळे पुढे बराच गोंधळ झाला.

सुरक्षिततेची दुसरी बाजू कुलपांची आहे. एकाच नोंदवहीत दोन माणसांनी एकाच वेळी लिहू नये ही खबरदारी कागदावर आपोआप घेतली जाते, कारण वही एकाच्याच हातात असते. संगणकात ती आज्ञा लिहून घ्यावी लागते. जून १९९६ मध्ये लिनक्सची २.० ही आवृत्ती एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर चालू लागली, तेव्हा संपूर्ण कर्नेलला एकच मोठे लॉक लावण्यात आले: एका वेळी एकच प्रोसेसर कर्नेलच्या आत जाईल. उपाय सुरक्षित होता आणि संथ होता. पुढील पंधरा वर्षे हे एकच मोठे लॉक फोडून त्याच्या जागी हजारो लहान लॉक बसवण्यात गेली. मे २०११ मध्ये, २.६.३९ या आवृत्तीत, त्याचा शेवटचा अंश अर्न्ड बर्गमन यांनी काढला. या काळात प्रत्येक आयनोडला स्वतःचे लॉक, स्मृतीतल्या प्रत्येक पानाला वेगळे लॉक, जर्नलच्या व्यवहाराला आणखी वेगळे, अशी व्यवस्था तयार झाली.

लॉक लहान झाले की वेग वाढतो, पण एक नवे संकट उभे राहते, ते डेडलॉकचे. एकाने पहिले लॉक धरून दुसऱ्याची वाट पाहावी आणि दुसऱ्याने दुसरे धरून पहिल्याची, म्हणजे दोघेही कायमचे थांबतात. त्यावर एकच भरवशाचा उपाय आहे: सर्वांनी लॉक ठरलेल्या क्रमानेच घ्यावेत. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना दोन्ही फोल्डरांना लॉक लावावे लागते, म्हणून कर्नेल त्यांचा क्रम कटाक्षाने ठरवतो आणि एका फाइल सिस्टिमवर अशी एकच हालचाल एका वेळी होऊ देतो. २००६ मध्ये इंगो मोल्नार आणि आर्यान व्हान दे व्हेन यांनी कर्नेलमध्ये लॉकडेप ही तपासयंत्रणा आणली. चालू यंत्रात कोणते लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात याची ती नोंद ठेवते आणि क्रम कधी उलटा झाला तर डेडलॉक प्रत्यक्षात घडण्याआधीच इशारा देते. कर्नेलच्या इतिहासातील अत्यंत उपकारक साधनांत तिची गणना व्हायला हवी.

या सर्वांत सूक्ष्म असा एक सापळा स्मृतीच्या मागणीतून तयार होतो. समजा फाइल सिस्टिमने एक लॉक धरले आहे आणि काम पुरे करण्यासाठी तिला थोडी स्मृती हवी आहे. स्मृती भरलेली असेल तर ती मोकळी करणारा विभाग न लिहिलेली पाने डिस्कवर उतरवू पाहतो. उतरवण्यासाठी तो पुन्हा फाइल सिस्टिमकडेच येतो, आणि ती तर आपल्याच लॉकवर अडलेली असते. म्हणून अशा वेळी स्मृती मागताना ‘फाइल सिस्टिममध्ये परत येऊ नकोस’ अशी खूण जोडावी लागते. २०१७ मध्ये ही खूण प्रत्येक मागणीला वेगवेगळी लावण्याऐवजी एका पूर्ण कामाच्या कालावधीसाठी लावण्याची सोय झाली, ज्यामुळे आत खोल कुठेतरी केलेल्या विसरभोळ्या मागणीचा धोकाही कमी झाला.

एक्स्ट-३ आली त्या २.४.१५ आवृत्तीचीच कथा या नाजूकपणाचा पुरावा आहे. त्या आवृत्तीत, फाइल सिस्टिम यंत्रापासून अलग करताना आयनोड हाताळण्याच्या पद्धतीत एक दोष शिरला होता आणि त्यामुळे डिस्कवरील माहिती बिघडू शकत होती. जर्नलचा त्यात काही दोष नव्हता आणि जर्नल तो रोखूही शकत नव्हते. दुरुस्तीची २.४.१६ ही आवृत्ती काही दिवसांतच काढावी लागली. चुकीची नोंद रीतसर प्रमाणित झाली तर ती रीतसर चुकीचीच राहते.

स्वतः कर्नेलच्या आज्ञावलीने फाइलीत लिहावे काय, हा या इतिहासातला एक स्वतंत्र वाद आहे. सामान्यतः लिहिण्याची विनंती बाहेरच्या कार्यक्रमाकडून येते आणि कर्नेल तिची छाननी करतो. काही उपकरणांच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना मात्र कर्नेलच्या आतूनच एखादी फाइल उघडून तिच्यात नोंदी टाकण्याचा मोह होत असे. कर्नेलचे एक विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००५ मध्ये एका लेखातून त्याविरुद्ध बजावले. फाइल कुठे असावी आणि तिचे स्वरूप काय असावे हा निर्णय कर्नेलचा नाही, आणि जेथे थांबता येत नाही अशा लॉकच्या आत डिस्कसाठी थांबणे घातक आहे. यातली आणखी एक अडचण सुरक्षेची होती. लिहिण्याच्या विनंतीतला पत्ता बाहेरच्या कार्यक्रमाच्या हद्दीतलाच आहे ना, हे कर्नेल तपासतो. आतून लिहिताना ही तपासणी सेटएफएस नावाच्या सोयीने तात्पुरती बंद करावी लागे, आणि ती पुन्हा चालू करण्याआधी काही बिनसले तर दरवाजा उघडाच राहत असे. २०१० मध्ये असा उघडा राहिलेला दरवाजा वापरून यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता येतो हे दाखवले गेले. क्रिस्टॉफ हेलविग आणि इतरांनी ही सोय टप्प्याटप्प्याने काढत आणली आणि २०२२ च्या ५.१८ आवृत्तीत ती पूर्णपणे गेली. नेटवर्कवरून फाइली पुरवणारा सर्व्हर यांसारखी काही कामे कर्नेलच्या आतूनच लिहितात, पण ती ठरलेल्या दारातून: आधी फाइल सिस्टिम प्रतीसाठी गोठवलेली तर नाही ना हे पाहून, आपण लिहीत आहोत असे जाहीर करून, आयनोडचे लॉक घेऊन.

जर्नलने काय राखले जाते आणि काय नाही, याचा धडा एक्स्ट-४ ने दिला. २००८ च्या अखेरीस स्थिर जाहीर झालेली ही फाइल सिस्टिम मजकुरासाठी जागा लगेच न ठरवता शेवटच्या क्षणी ठरवते, त्यामुळे वेग वाढतो. पण २००९ मध्ये अनेकांना यंत्र अचानक बंद पडल्यावर आपल्या फाइली शून्य लांबीच्या झालेल्या आढळल्या. फाइल सिस्टिम पूर्णपणे सुसंगत होती आणि मजकूर नव्हता. तिचे एक विकासक थिओडोर त्सो यांचे म्हणणे असे होते की मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री हवी असेल तर कार्यक्रमाने एफसिंक या आज्ञेने ती मागितली पाहिजे. तरीही सामान्य कार्यक्रमांच्या सवयी ध्यानात घेऊन त्यांनी कर्नेलमध्ये काही सावधगिरीची जोड दिली. नियमाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण ज्याची नोंद हरवते त्याच्यासाठी केवळ बरोबर असणे पुरेसे नसते, आणि सावधगिरी वाढवण्याचा त्यांचा निर्णय अधिक मोलाचा होता.

आणि एफसिंक तरी खरे बोलते काय? २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या विकासकांच्या लक्षात आले की डिस्कवर लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदा कळवतो, पण न लिहिलेले पान ‘लिहिले’ असे मानून मोकळा होतो. डेटाबेसने एफसिंक पुन्हा केले तर उत्तर ‘यशस्वी’ येते आणि मजकूर कुठेच नसतो. एफसिंक पुन्हा केले की पुरते, हा समज चुकीचा आहे हे वीस वर्षे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. डेटाबेसने त्यानंतर एफसिंक अयशस्वी होताच सरळ थांबून आपल्या लॉगवरून पुन्हा उभे राहण्याचा मार्ग स्वीकारला. पंचवीस वर्षांच्या कामानंतरही, ‘झाले’ हा शब्द कोणी, कशाच्या आधारे उच्चारला, हे विचारावेच लागले.

मराठवाड्यात संगणकीकृत सातबारा २००० नंतरच्या दशकात तालुक्यांच्या ठिकाणी मिळू लागला. त्याच वर्षांत ग्रामीण भागात भारनियमनाने दिवसाचे कित्येक तास वीज नसे, आणि वीज अचानक जाणे ही कार्यालयांची रोजची स्थिती होती. जर्नल असलेली आणि नसलेली फाइल सिस्टिम यांतील फरक प्रयोगशाळेपेक्षा अशा ठिकाणी अधिक जाणवतो. मात्र त्या काळात खरी नोंदवही हस्तलिखितच होती आणि संगणकातली प्रत तिच्यावरून भरली जात होती, त्यामुळे दोन्हींत फरक पडू लागला. एकाच माहितीच्या दोन प्रती स्वतंत्रपणे लिहिल्या गेल्या की त्या वेगळ्या होणारच. हा नियम गावच्या दप्तराला लागू आहे तसाच डिस्कलाही.

२००८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाखाली आणि पुण्यातील जमाबंदी आयुक्त कार्यालयाच्या मार्गदर्शनाखाली ई-फेरफार ही प्रणाली आली, तिने हा क्रम उलटवला. आता फेरफार संगणकातच लिहिला जातो, नोटीस तेथूनच निघते, मंडळ अधिकारी तेथेच प्रमाणित करतो आणि सातबारा त्यानंतर आपोआप बदलतो. त्यासाठी आधी जुनी प्रत आणि संगणकातली प्रत जुळवणे आवश्यक होते. २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. तलाठ्याने संगणकीकृत सातबारे गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि खातेदारांनी चुका सांगायच्या. गावाने ऐकून केलेली ही तपासणी, तिच्यातील सर्व उणिवांसह, कोणत्याही यांत्रिक पडताळणीपेक्षा जास्त विश्वासाची होती, कारण एफएससीकेला दोन नोंदी परस्परांशी जुळतात एवढेच कळते. शेत खरोखर कोणाचे हे फक्त गावाला माहीत असते. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. त्यानंतर सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही, हे दोन रकाने त्यावर छापले जाऊ लागले. जुन्या पेन्सिलीच्या टिपणीचे काम आता प्रलंबित फेरफाराचा रकाना करतो, आणि तो गावातल्या कोणालाही घरबसल्या दिसतो, ही सुधारणा फार मोठी आहे. लोहा किंवा चाकूर तालुक्यातील एखाद्या वारसाचा फेरफार आज प्रमाणित होतो, तेव्हा तो प्रथम कायद्याच्या नोंदवहीत, मग डेटाबेसच्या लॉगमध्ये आणि त्याखाली फाइल सिस्टिमच्या जर्नलमध्ये, असा थरामागून थर आधी लिहिला जातो आणि मग जागेवर बसतो.

जर्नल डिस्कवरच असते, त्यामुळे डिस्क गेली तर तेही जाते. त्यासाठी दुसऱ्या ठिकाणी प्रत ठेवावी लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने काही क्षणांत दगडमातीची गावे जमीनदोस्त केली, हजारो माणसे गेली आणि पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. मूळ दप्तर आणि त्याची प्रत एकाच छताखाली असता कामा नये, हे लातूरला वेगळे शिकवण्याची गरज नाही.

प्रत सुरक्षित असूनही ती वाचणारे उरले नाहीत तर काय, हा प्रश्न २०२३ मध्ये मराठवाड्यासमोर आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसिलींच्या अभिलेख कक्षांतले निजामकालीन गठ्ठे उघडले गेले. मजकूर शाबूत होता, पण तो उर्दूत आणि मोडीत होता, आणि तो वाचणाऱ्यांचा शोध नोंदींच्या शोधाआधी घ्यावा लागला. संगणकाच्या जगातही हे घडते. एक्स्ट-२ च्या १९९३ च्या डिस्क आजच्या कर्नेलमधली एक्स्ट-४ वाचू शकते, कारण ती सुसंगती जाणीवपूर्वक जपली गेली. पण लिनक्समध्ये सर्वांत आधी, २००१ च्या जानेवारीत, जर्नल घेऊन आलेली रायझरएफएस ही फाइल सिस्टिम सांभाळणारे कोणी न उरल्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या ६.१३ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. तिच्या डिस्क कोणाच्या कपाटात असतील तर त्या उघडण्यासाठी आता जुना कर्नेल शोधावा लागेल, जसे नांदेडच्या अभिलेख कक्षात मोडी जाणणारा माणूस शोधावा लागला.